खालच्या तालमीची माती

पेशीवाचक यंत्राचा शोध लागला क्षयरोगासाठी, पण कोल्हापुरात ते पहिल्यांदा गाजलं एका जावयामुळे. हे गृहस्थ कंपनीच्या प्रशिक्षणासाठी बंगळूरला गेलो होतो असं सासरी सांगत होते. तपासणी शिबिरात सासरेबुवांच्या शेजारी बसून त्यांनी बेडक्याचा नमुना दिला आणि यंत्राने सांगितलं, की यांच्या फुप्फुसात गोव्याच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलातल्या शॉवरचे जंतू मुबलक आहेत. जंतू निरुपद्रवी होते आणि जावयाची तब्येत उत्तम होती. ती पुढे बिघडली, पण त्यात जंतूंचा काही हात नव्हता.

तेव्हापासून आमच्याकडे त्या यंत्राला ‘चोंबडं’ म्हणतात. ते बनवणाऱ्या पुण्यातल्या संस्थेत मी, म्हणजे शर्मिष्ठा साळोखे, काम करते. त्यामुळे माहेरी गेले की गल्लीतले लोक माझ्याशी हसून बोलतात, पण जरा लांबून.

यंत्रामागची कल्पना साधी आहे. आपल्या फुप्फुसात भक्षक पेशी असतात. श्वासाबरोबर धूळ आली, जंतू आले, की गिळायचे एवढंच त्यांचं काम. पेशी जंतूला मिठी मारते, स्वतःच्याच कातडीची घडी घालून त्याला आत ओढते आणि एका पिशवीत कोंडते. मग आम्लाने भरलेली दुसरी पिशवी तिला येऊन मिळते आणि जंतूचं वरण होतं. मायकोबॅक्टेरिया नावाच्या घराण्यातले जंतू मात्र मेणाचं जाड कवच घालून येतात. ते मेले तरी त्यांचे तुकडे पेशीच्या पोटात बराच काळ पडून राहतात. या घराण्यातले बहुतेक जण गरीब बिचारे, मातीत नि पाण्यात राहणारे, आणि प्रत्येक विहिरीतल्या, टाकीतल्या, शेतातल्या वाणात थोडाथोडा फरक. पेशीच्या पोटात काय पडलंय ते वाचलं, की माणसाने कुठे कुठे श्वास घेतला ते कळतं.

क्षयाचा जंतू हा याच घराण्यातला दुष्ट भाऊ. त्यालाही पेशी रीतसर गिळते. पण हा पिशवीत बसल्या बसल्या अशी काही रसायनं सोडतो, की आम्लाची पिशवी जवळ येऊनही जुळत नाही. मग तो आतच संसार थाटतो. आमच्या घरी हे सांगायचं तर कुस्तीतच सांगावं लागतं. मी आप्पांना म्हटलं, गडी खाली आलाय, पकड पक्की आहे, पण पाठ काही टेकत नाही.

“म्हंजे निकाल न्हाई लागला,” आप्पा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला.

निकाल न लागणं हा आमच्या घरातला दुखरा विषय आहे. आप्पा म्हणजे वरच्या तालमीचे वस्ताद खंडेराव साळोखे. आमच्या गल्लीला उतार आहे. चढावर वरची तालीम, उताराला खालची. खालचीचे वस्ताद रंगराव मगदूम. तरुणपणी दोघे वरच्या तालमीतच तयार झाले, एका ताटात जेवले आणि जोडीदार म्हणून रोज एकमेकांना आपटत राहिले. मग एका मैदानात या दोघांचीच कुस्ती लागली. रंगरावकाकांची पाठ टेकली की नाही यावर पंचांचं एकमत होईना, अंधार पडायला लागला, आणि कुस्ती बरोबरीत सोडवली गेली. आप्पांच्या मते पाठ टेकली होती. काकांच्या मते एक खांदा वर होता. आता मॅटखाली सेन्सर असतात आणि निकाल क्षणात पडद्यावर येतो. तेव्हा ते असते तर आमच्या गल्लीची चाळीस वर्षं वाचली असती.

रंगरावकाकांनी उताराला स्वतःची तालीम काढली आणि दोघांनी एकमेकांच्या तालमीच्या उंबऱ्यावर पाय न ठेवण्याची शपथ घेतली. पुढे दोघांचे पठ्ठे एकमेकांना पाडत राहिले. वरचीचा पठ्ठा हरला की आप्पा म्हणायचे, रंग्याच्या मातीत काहीतरी हाय. बाकी आप्पांना आयुष्यात दुसरी तक्रार नव्हती. एक तालमीचं छत सोडून. ते दर पावसाळ्यात गळायचं, कौलं सरकलेली असायची, आणि आप्पा माकडांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

हे सगळं विनोदी वाटतं, आणि आम्हालाही वाटायचं, शरयू आजारी पडेपर्यंत.

शरयू माझ्या धाकट्या भावाची, दिग्विजयची मुलगी. हाडापेराने आप्पांवर गेलेली, लहानपणापासून कुस्तीचं वेड. आप्पांनी तिला डाव शिकवले, पण मातीत नाही. स्पर्धा मॅटवर होतात, मातीत जंतू असतात, असं म्हणून दिग्विजयने तालमीच्या माडीवर हवा गाळणारा बंदिस्त हॉल बांधला होता. खाली हौद्यात मुलगे घामाघूम होऊन लाल मातीत लोळायचे आणि वर शरयू निळ्या मॅटवर, दवाखान्यासारख्या स्वच्छ हवेत. राज्य स्पर्धेच्या तयारीत असताना तिला खोकला लागला. तो थांबेना. वजन उतरलं. क्षय निघाला, आणि त्यातही असा, की नेहमीच्या गोळ्यांनी दबेना, नंतरच्या गोळ्यांनी दबेना, आणि शेवटी आमच्याकडे द्यायला गोळी उरली नाही. तिला पुण्याला आमच्या संस्थेच्या वॉर्डात वेगळं ठेवलं. फुप्फुसात पोकळ्या पडायला लागल्या होत्या. घरातले बाकीचे देवावर हवाला ठेवून होते. मला रिपोर्ट वाचता येत होते, त्यामुळे घरात सगळ्यात जास्त मी घाबरले होते.

दिग्विजयने घाबरून जे केलं ते त्याच्या स्वभावाला धरून होतं. निदान झालं त्याच दिवशी त्याने तालीम औषधाने धुऊन काढली, हौद्यातली सगळी माती खणून ट्रॉलीत भरून बाहेर घालवली आणि खाणीवरची नवी कोरी माती आणून ओतली. क्षय खोकणाऱ्या माणसाच्या श्वासातून पसरतो, हौद्यातल्या मातीतून नाही. हे मी सांगितलं असतं, पण त्याने मला विचारलं नाही, कारण त्याने व्हिडिओ बघितला होता. दर आठवड्याला ताक, हळद, काव, तेल आणि कापूर घालून वर्षानुवर्षं मळलेली ती माती. ती निघाली तेव्हा आप्पा बाहेर कट्ट्यावर पाठ फिरवून बसले होते, असं मला नंतर कळलं.

मग घरातल्या आणि तालमीतल्या सगळ्यांची तपासणी झाली. आप्पांनी खारट पाण्याची वाफ ओढली, खोकले, आणि आजूबाजूला तुच्छतेने बघत बेडका दिला. त्यातल्या भक्षक पेशी आम्ही काचेच्या ताटलीत ठेवल्या आणि त्यांच्यावर शरयूच्याच फुप्फुसातले जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी ताटली बघितली तर जंतूंचा चट्टामट्टा झाला होता. एकूण एक पिशवी आम्लाने भरलेली. कुठलीही गोळी ज्याला शिवत नव्हती तो जंतू आप्पांच्या पेशींनी उसळीसारखा खाल्ला होता. आमच्या संस्थेत असल्या पेशी कुणी पाहिल्या नव्हत्या. हौद्यात लोळणाऱ्या पठ्ठ्यांच्या पेशीही बऱ्यापैकी निघाल्या, पण आप्पांची सर कुणालाच नव्हती.

बातमी गल्लीत कशी फुटली माहीत नाही. मी कोल्हापूरला पोचले तर कोपऱ्यावर फ्लेक्स लागला होता. आप्पांचा फेट्यातला फोटो आणि खाली ‘आमचे वस्ताद, आमच्या पेशी’.

अशा पेशी जन्मतः मिळत नाहीत, त्यांना कुणीतरी शिकवावं लागतं. भक्षक पेशींच्या मूळ पेशी हाडांच्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत असतात. त्यांची गाठ एखाद्या निरुपद्रवी जंतूशी वारंवार पडली, की त्यांना सराव होतो, आणि पुढे त्यांच्यापासून होणाऱ्या पेशी तयारीच्याच निघतात. लहानपणी टोचतात त्या बीसीजीच्या लशीमागे थोडाफार हाच हिशेब आहे. आप्पांच्या पेशींच्या पोटात आम्हाला एका वेगळ्याच जंतूचे तुकडे सापडले. त्याचं मेणाचं कवच हुबेहूब क्षयाच्या जंतूसारखं, पण पिशवी अडवण्याचा डाव त्याला येत नव्हता. म्हणजे सरावाला मिळालेला अगदी योग्य जोडीदार. त्या तुकड्यांबरोबर हळदीच्या आणि ताकातल्या जंतूंच्याही खुणा होत्या. आप्पांचा गुरू हौद्यातल्या मातीत राहत होता.

तो जिवंत मिळाला असता तर काम सोपं होतं. तो वाढवायचा, मारायचा, शरयूच्या मगजातल्या मूळ पेशींना त्याच्याशी सराव द्यायचा आणि त्या पेशी परत तिच्या अंगात सोडायच्या. आप्पांच्या पेशी तशाच देऊन चालल्या नसत्या, परक्या पेशी शरीर ठेवून घेत नाही. पण आप्पांच्या पेशींनी तो जंतू इतका झकास पचवला होता, की जिवंत असा एकही उरला नव्हता. आणि ज्या मातीत तो राहत होता ती माती दिग्विजयने घालवली होती.

मी दिग्विजयला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

ट्रॉलीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, भरावाला टाकली. कुठल्या भरावाला, विचारलं तर त्याला आठवेना. नदीकडे हात करून तो चहा प्यायला निघून गेला. मग आम्ही शहरातल्या बाकीच्या तालमी पालथ्या घातल्या. सगळ्या वस्तादांनी आनंदाने माती दिली, पण त्यातल्या कशातच तो जंतू नव्हता. राहिली फक्त खालची तालीम.

आप्पांना मी हे सांगितलं तेव्हा ते जेवत होते. घास हातातच राहिला.

“तिथं असणार,” ते म्हणाले.

मी विचारलं, कशावरून. आप्पांनी बराच वेळ भाकरी कुस्करली आणि मग म्हणाले, गल्ली एकच, वाऱ्यानं तिकडची धूळ इकडं येत असंल. मी म्हटलं, वारा खालून वर इतकी वर्षं फक्त तुमच्याच नाकात कसा शिरत होता? त्यांनी पाणी पिऊन हात धुतले. ताटात अर्धी भाकरी तशीच होती. आप्पांनी अन्न टाकलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मी उतार उतरून रंगरावकाकांकडे गेले. लहानपणी मी त्यांच्याकडे लपून गुळपापडी खायला जायची, त्यामुळे मला शपथ लागू नव्हती. त्यांनी आधी शरयूची चौकशी केली. डोळे पुसले. ती आपलीच पोर आहे म्हणाले. चहा दिला. मातीचा विषय काढला तसे ते ताठ झाले.

“माती म्हंजे आई,” ते म्हणाले. “आईची तपासणी करत न्हाईत.”

मी विनवण्या केल्या, शास्त्र समजावलं, शेवटी चिडले. काका ढिम्म. उठून निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले आणि हळूच विचारलं, ते यंत्र माती कुठनं आली हे बी सांगतं व्हय? मी आमच्या यंत्राच्या अभिमानाने सांगितलं, की कुठल्या गल्लीतली, गल्लीच्या कुठल्या टोकाची, इथपर्यंत सांगतं. काकांनी मान डोलावली आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, त्यांना कौतुक वाटलं.

त्याच संध्याकाळी त्यांचा निरोप आला. खंड्याने स्वतः यावं. उंबरा ओलांडून, चपला काढून हौद्यात उभं राहावं, आणि खालच्या तालमीची माती वरच्यापेक्षा सरस आहे असं सगळ्यांसमोर म्हणावं. मग हवी तेवढी माती न्या.

दिग्विजय म्हणाला, संपलं. मलाही तेच वाटलं. आप्पा ज्या माणसाचं नाव घ्यायचं टाळण्यासाठी ‘उताराचा’ म्हणतात, त्याच्या हौद्यात उभं राहून त्याच्या मातीचं गुणगान करणं शक्य नव्हतं. असली अट कोणी घालतो ती पाळली जाऊ नये म्हणूनच, एवढं तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मी पुण्याला फोन लावला. पडद्यावर शरयू दिसली. नाकाला ऑक्सिजनची नळी, गाल आत गेलेले. आप्पांनी तिला विचारलं, जेवलीस का? ती हो म्हणाली. एवढं म्हणायला तिला मध्ये थांबावं लागलं. आप्पांनी फोन माझ्या हातात दिला.

“माझा फेटा काढ,” ते म्हणाले. “उद्या सकाळी जायचं.”

सकाळी आम्ही उतार उतरायला लागलो तेव्हा गल्लीची सगळी दारं उघडली होती. कामावर जायची घाई असलेले लोकही त्या दिवशी दात घासत उभे होते. आप्पा पुढे, मागे मी फोन धरून, कारण शरयूने सगळं दाखवायची अट घातली होती, आणि शेवटी नमुन्याचे डबे घेतलेला दिग्विजय. खालच्या तालमीचे पठ्ठे लंगोटावर ओळीने उभे होते. रंगरावकाका हौद्याच्या कडेला हाताची घडी घालून बसले होते. त्यांचं तोंड मात्र जिंकलेल्या माणसासारखं दिसत नव्हतं.

आप्पा उंबऱ्यापाशी थांबले. मग त्यांनी उजवा पाय उचलला आणि आत ठेवला. बाहेर कुणाची तरी बादली पडली. चपला काढून ते हौद्यात उतरले, खाली वाकले, माती कपाळाला लावली आणि सरळ झाले.

“रंगराव, तुझी माती माझ्यापेक्षा सरस,” आप्पा म्हणाले. “आणि ही काय मी अटीपायी म्हणत न्हाई. मला आधीपासनं म्हाईत हाय. मी तुझी माती चोरून न्यायचो.”

आप्पा म्हणाले, उंबऱ्यावर पाय कधी ठेवला नाही, शपथ मोडली नाही. मागच्या खिडकीतनं यायचो. मोठं मैदान जवळ आलं, की पहाटे एक बुट्टी भरून न्यायची आणि आपल्या हौद्यात मिसळायची. गुडघे चालत होते तोवर स्वतः आलो. नंतर बारीक बुट्टी केली, पण थांबलो नाही. तुझे पठ्ठे निकाली कुस्त्या मारायचे, माझे हरायचे, मग काय करायचं माणसानं?

मी चाटच पडले. ज्या माणसाने मला शाळेत कॉपी केली म्हणून दिवसभर उन्हात उभं केलं होतं तो हा. फोनमध्ये शरयू हसायला लागली. हसता हसता तिला ढास लागली आणि ती थांबेना. तालमीत दुसरा आवाज नव्हता, फक्त ती ढास. नर्सने येऊन तिला सावरलं. रंगरावकाका फोनकडे बघत होते. ते हौद्याच्या कडेवरून उठले आणि पुन्हा बसले.

“आता माती न्यावी का?” आप्पांनी विचारलं.

“ने,” काका म्हणाले. “तुझीच हाय.”

आप्पांना वाटलं, ही बोलायची पद्धत. ते आभार मानायला लागले. काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि पठ्ठ्यांना बाहेर जायला सांगितलं. कुणीही गेलं नाही. मग ते मान खाली घालून बोलले.

“खंड्या, त्या ट्रॉलीवाल्यानं माती भरावाला न्हाई टाकली. मीच त्याला हिकडं वळवला. तुझ्या हौद्यातली समदी माती हितं हाय, तुझ्या पायाखाली. जुनी माझी परसात टाकली, तिथं आता शेवगा लावलाय.”

आप्पा पायाखाली बघायला लागले.

“ज्या मातीत आपुन दोघं लोळलो ती भरावाला जायला लागली,” काका म्हणाले, “मला बघवंना. आणि खरं सांगायचं तर हाव बी होती. तुझे पठ्ठे जिंकायचे तवा मला वाटायचं, खंड्याच्या मातीतच कायतरी हाय. मी बी चोरायचो. तुझ्या खिडकीला गज. मला कौलं काढून उतरावं लागायचं.”

आप्पांच्या डोळ्यांसमोरून इतक्या वर्षांची निरपराध माकडं गेली असावीत.

आता मला उलगडा झाला. काका मातीसाठी अडून बसले नव्हतेच. ते आमच्या यंत्राला घाबरले होते. नमुना दिला असता तर चोंबड्याने छापून दिलं असतं, की ही माती वरच्या तालमीची आहे. म्हणून त्यांनी अशी अट घातली, की खंड्या जन्मात पाळणार नाही. आणि खंड्याने ती पाळली, वर स्वतःची चोरी फुकट सांगितली.

शेवटी आप्पांनी विचारलं, कौलं काढून? या वयात? काका म्हणाले, तू खिडकीतनं यायचास, तुझं वय काय कमी होतं? आणि दोघेही असे हसायला लागले, की आप्पांना हौद्यातच बसावं लागलं. दिग्विजय त्या गोंधळात डबे भरत होता. त्याच्या हातातलं एक झाकण चारदा पडलं. तो रडत होता.

जंतू त्या मातीत होता, भरपूर आणि जिवंत. आम्ही तो वाढवला. तो मुळात कुठल्या तालमीतला हे बघायचं मी ठरवलं, केवळ उत्सुकता म्हणून. परसातल्या शेवग्याखालची मातीही तपासली. पण बुट्ट्या इतकी वर्षं इतक्या वेळा वर-खाली गेल्या होत्या, की दोन्ही मातींमधले वाण एकमेकांत पार मिसळून गेले होते. शेवटी यंत्राने ‘मूळ ठिकाण निश्चित करता येत नाही’ एवढंच छापलं. चोंबड्याने हात टेकल्याचं मी पहिल्यांदाच बघितलं.

शरयूच्या मगजातून मूळ पेशी काढल्या, त्यांना सराव दिला आणि परत सोडल्या. सुरुवातीला काही झालं नाही. तिचा ताप वाढला, आणि मी आप्पांचा फोन घेणं टाळायला लागले. खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं सांगवत नव्हतं. मग एका दुपारी तिच्या बेडक्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. एका पेशीने जंतू गिळला होता. पिशवी होती. शेजारी आम्लाची पिशवी आली, अडखळली, आणि जुळली. आम्ही पिशव्यांना रंग दिलेला असतो. आम्ल भरलं की हिरवी पिशवी लाल होते. माझ्या डोळ्यांदेखत ती लाल झाली. मग दुसरी. मी आप्पांना फोन लावला.

“पाठ टेकली?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, टेकली.

पलीकडून आप्पा कुणाला तरी ओरडून हे सांगताना ऐकू आलं. ते खालच्या तालमीत बसले होते. हल्ली तिथेच असतात.

बरं व्हायला शरयूला पुष्कळ वेळ लागला, पण क्षय पूर्ण गेला. फुप्फुस जिथे भरून आलं नाही तिथे नाही आलं. मैदान मारायला बाकीचं पुरेल असं डॉक्टर म्हणाले. परवानगी मिळाल्यावर ती कोल्हापूरला आली आणि म्हणाली, मॅटवर नंतर, आधी मातीत उतरायचं. दिग्विजयने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं.

वरच्या हौद्यात खाणीवरची माती होती, तिच्यात दोन्ही म्हाताऱ्यांना रस नव्हता. त्यामुळे शरयू खालच्या तालमीत गेली. हौद्याच्या कडेला आप्पा आणि रंगरावकाका शेजारी शेजारी बसले होते आणि तिला आधी कुठला डाव द्यायचा यावरून भांडत होते. तिने माती कपाळाला लावली. मूठभर घेऊन खांद्यावर टाकली, दंडाला चोळली, आणि खोकली.

भांडण जागच्या जागी थांबलं. काकांचा हात आप्पांच्या मनगटावर गेला. शरयू पुन्हा खोकली, शिंकली, आणि नाक पुसून आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघितलं.

“अहो, माती गेली नाकात,” ती म्हणाली.

“कुणाची?” काकांनी सवयीने विचारलं.

आप्पांनी थोडा विचार केला.

“आता तिची,” ते म्हणाले, आणि तिला जोर मारायला सांगितलं.